झुलीच्या खांद्यातली कळी

"शिंपी तेव्हाही कापड मारतच होते!" पूर्णिमा माइकवर म्हणाली आणि आयर्लंडमधल्या नास गावच्या हॉलमध्ये बसलेली साठेक मराठी माणसं खो खो हसली. माझा नवरा राजीव तर मांडीवर थाप मारून हसला.

मी नाही हसले. माझे वडील शिंपी होते, इचलकरंजीला. उरलेली चिंधीसुद्धा ते पुरचुंडी करून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. पण हे कोणाला सांगणार? तिथे सगळे चिप कंपनीवाले, औषध कंपनीवाले, सॉफ्टवेअरवाले.

महाराष्ट्र मंडळाचं दर महिन्याला एक व्याख्यान असतं. या वेळचा विषय काय, तर मध्ययुगातल्या स्कॉटलंडमधली घोड्यांची वस्त्रं. ही पूर्णिमा पुण्याची, वय असेल पस्तीस. स्कॉटलंडमध्ये डॉक्टरेट केली आणि आता डून लेरीला राहून डब्लिनच्या विद्यापीठात संशोधन करते. पडद्यावर जुन्या चित्रांतले घोडे दिसत होते, कानापासून गुडघ्याच्या खालपर्यंत लाल-पिवळ्या कापडात गुंडाळलेले. "जुन्या स्कॉट्स भाषेत याला हाउसूर म्हणत," ती सांगत होती. "आपली झूलच की! आणि आतून जाड गोधडीसारखा थर, भाल्याचा मार सोसायला, ती आपली पाखर. झूल मिरवायला, पाखर जीव वाचवायला." टाळ्या. मग म्हणाली, की कुठल्याशा राजाच्या यादीत एका झुलीला अकरा एल कापड लिहिलंय. एल म्हणजे आपल्या वारापेक्षा इंचभर मोठं. तिने चित्रांवरून बेतून पाहिलं तर नऊ एल पुरतात. मग वरचे दोन एल गेले कुठे? त्यावर तो शिंप्याचा विनोद.

व्याख्यान संपल्यावर राजीवने हात वर केला. घरात 'भाजीत मीठ आहे का' एवढाच प्रश्न विचारणारा माणूस! उभा राहून विचारतो, "मॅडम, घोड्याला घाम येत असेल, तर त्या घामाने कापडाचं काय होत असेल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, अकरा वर्षं मी दुसरं करतेय काय?

सांगते. नासच्या बाहेर ब्रीडा नावाच्या बाईचा कारखाना आहे. कारखाना कसला, दोन मोठ्या शेड. आजूबाजूला किल्डेअर जिल्हाभर रेसचे घोडे. इथे घोड्यांना थंडीत ब्लँकेटं घालतात, त्यांना म्हणतात रग. एप्रिल उजाडला की चिखलाने, घामाने, मुताने आणि केसांनी भरलेल्या रगांचे ढीगच्या ढीग आमच्याकडे येतात. आधी नळीच्या पाण्याने झोडपायच्या, केस खरवडायचे, माझ्या स्वयंपाकघराएवढ्या मशीनमध्ये धुवायच्या, वाळवायच्या, आणि मग फाटलेल्या शिवायच्या. शिवणारी मी. एम.कॉम. करून आले होते, इथे कोणी विचारलं नाही. पण वडिलांच्या मशीनवर बसलेले हात होते, ते ब्रीडाने ओळखले. आता मोठमोठे ट्रेनर सांगून पाठवतात, "लताकडेच द्या." रग उलटी करून मी सांगू शकते की घोडा कोणत्या पायाने लंगडतोय.

आणि मंडळात काय सांगते? "टेक्सटाइलमध्ये आहे." हे शब्द राजीवचे. त्याने पहिल्या गणपतीला वापरले, मी ते उचलले. माझा कामाचा कोट तो गाडीच्या डिकीत ठेवायला लावतो, वास येतो म्हणून. त्याचं चूक नाही, वास येतोच. पण मी घोड्यांचे कपडे शिवते तर ते लपवायचं, आणि हिने ते चित्रात पाहिले तर टाळ्या. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते हेच.

गाडीत राजीव अजून रंगातच होता. "काय बोलते ना! केवढा अभ्यास! आणि किती वेगळा विषय, अं?"

"फारच वेगळा," मी म्हटलं. "घोड्याला कपडे घालतात हे तुला आजच कळलं ना!"

"तसं नाही गं. ते ऐतिहासिक आहे."

"हो का? माझे घोडे काय उद्या जन्मायचेत?"

त्याने रेडिओ लावला. पण पोटात जे दुखायला लागलं होतं ते थांबेना.

तीन आठवड्यांनी ती बाई माझ्या शेडमध्येच येऊन उभी राहिली. मी रबरी एप्रन घालून, गमबूट चढवून, एका घाणेरड्या रगेवर नळी मारत होते. केसांत घोड्याचे केस. ब्रीडा तिला घेऊन आली. "लता, ही पूर्णिमा. हिला एका किल्ल्यावरच्या जत्रेसाठी घोड्याची झूल शिवून हवीय. चिलखतवाले, भालेवाले, सगळी मजा आहे. म्हटलं, आमच्या लताशिवाय हे कोण करणार?"

पूर्णिमाने माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत ओरडलीच, "अय्या! तुम्ही मंडळात होतात ना? राजीवकाकांच्या शेजारी? ताई, तुम्ही हे काम करता? मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

तिने नाक मुरडलं असतं तर बरं झालं असतं. मला तिचा मनापासून राग करता आला असता. पण ही त्या ओल्या, घाण रगेला हात लावून बघत होती. शिलाई उलटून पाहत होती. डोळे चमकत होते तिचे. मला आणखीच राग आला. माझ्या घोड्यांच्या घामात एवढा आनंद हिला दोन मिनिटांत सापडतो, आणि माझ्या घरात अकरा वर्षांत कोणाला सापडला नाही!

तिने कागदाचे बेत आणले होते, एकदम नीटनेटके, पेन्सिलने आखलेले. चित्रांवरून आणि एका लाकडी घोड्यावरून मापं काढली होती. पुढचा भाग मान, छाती आणि पुढचे पाय झाकणारा, मागचा भाग खोगिराच्या मागे. खाली गुडघ्याच्या वीतभर खाली येणारी किनार. छातीवर शिवण बंद.

कागद टेबलावर पसरला आणि मला दिसलं. अर्धा मिनिट लागला असेल.

खांद्यात कळी नव्हती. उभा घोडा आणि पळणारा घोडा ही दोन वेगळी जनावरं असतात. पळताना खांदा हातभर पुढे जातो. म्हणून प्रत्येक रगेला खांद्यापाशी एक त्रिकोणी तुकडा जोडतात, कापड ताणलं जाऊ नये म्हणून. आमचे वडील सदऱ्याच्या बगलेत घालायचे त्या तुकड्याला कळी म्हणायचे, म्हणून मीही कळीच म्हणते. ती नसेल आणि छाती बंद असेल, तर चालताना काही होणार नाही. पण घोडा दौडायला लागला की कापड पायाला ओढणार, किनार टापेखाली येणार आणि घोडा तोंडावर.

आणि त्याच क्षणी आणखी एक गोष्ट दिसली. दोन खांदे, दोन मोठ्या कळ्या, छातीपाशी चुण्या. मनातल्या मनात बेतलं. बरोबर दोन एल. त्या जुन्या शिंप्याने कापड मारलं नव्हतं. त्याने घोड्याला पळायला जागा ठेवली होती.

सांगायला तोंड उघडलं होतं मी, खरंच उघडलं होतं.

"ताई, काही चुकतंय का?" पूर्णिमाने विचारलं. "तुम्ही रोज हे करता. मी फक्त कागदावर केलंय."

आता बघा, माणूस किती नीच होऊ शकतो. मला डोळ्यांसमोर काय दिसलं, तर पुढचं व्याख्यान. ही माइकवर उभी, 'दोन एलचं कोडं सुटलं' म्हणतेय, साठ माणसं टाळ्या वाजवतायत, राजीव मांडीवर थाप मारतोय. आणि तिसऱ्या रांगेत मी, टेक्सटाइलमधली.

"नाही गं," मी म्हटलं. "तू एवढा अभ्यास केलायस. मी काय सांगणार?"

मी मनाला समजावलं, की सराव होईल, तेव्हा घोडा अडखळेल, हिची फजिती होईल, दुरुस्तीला माझ्याकडे येईल, मग सांगेन. फजितीपुरतंच. दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. म्हणजे मी तसं स्वतःला सांगितलं.

मग शिवली. आणि काय शिवली! लाल आणि पिवळं लोकरी कापड, आत कापूस भरलेला थर, चौकडीच्या टिपा, किनारीला हाताने घातलेले टाके. कागदावर होतं तसंच, सुताचाही फरक नाही. छातीची शिवण दुहेरी घातली, मेणाच्या दोऱ्याने. ब्रीडाची एकोणीस वर्षांची मुलगी नीव्ह शनिवारी रगांच्या घड्या घालायला येते. ती ती झूल अंगावर पांघरून शेडभर नाचली. "लता, यू आर अ जीनियस!"

ब्रीडाने एकच विचारलं. "घोडा यात नीट हलेल ना?"

"ग्रँड," मी म्हटलं, इथल्या बोलीत म्हणजे 'छान, काळजी नको'.

जत्रा जूनमध्ये, मीथ जिल्ह्यातल्या एका पडक्या किल्ल्याच्या मैदानावर. मंडळाची वीसेक माणसं पूर्णिमाची झूल बघायला आली होती. हो, पूर्णिमाची झूल. मंडळाचे अध्यक्ष नंदकुमार डबे आणि सतरंज्या घेऊन सहकुटुंब हजर. राजीवने चांगला शर्ट घातला होता.

"सराव कसा झाला?" मी पूर्णिमाला सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुठला सराव ताई! काल एवढा पाऊस, मैदानाचा राडा. नुसतं चालवून पाहिलं. झक्कास दिसली!"

म्हणजे दौड आता पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर. पण म्हटलं, घोड्यावर मीथचा एक भालेवाला बसणार आहे, कसलेला गडी, सांभाळेल.

तेवढ्यात ब्रीडा धावत आली, गाल लाल झालेले. "लता, ऐकलंस का? तो भालेवाला तापाने झोपलाय. नीव्ह बसतेय घोड्यावर! माझी नीव्ह!"

आणि मैदानाच्या टोकाला ती दिसली. टिली नावाच्या करड्या घोडीवर, डोक्यावर शिरस्त्राण, हातात भाला. खाली माझी लाल-पिवळी झूल, उन्हात अशी झळकत होती की लोक "आहा" म्हणाले. राजीव कोणाला तरी सांगत होता, "पूर्णिमाचं संशोधन आहे हे, सगळं जुन्या यादीवरून." घोडी चालत आली. एक फेरी. झूल डुलत होती. माझे डोळे टिलीच्या डाव्या खांद्यावर होते. प्रत्येक पावलाला तिथे कापड ताठ होत होतं. घोडीने कान मागे टाकले. तिला कळलं होतं. मला आणि तिलाच काय ते कळलं होतं.

लाउडस्पीकरवरचा माणूस म्हणाला, "आता दौड!" तुतारी वाजली.

मी दोरीखालून कशी गेले मला आठवत नाही. साडी नव्हती नशिबाने. मधोमध चिखलात जाऊन दोन्ही हात पसरून उभी राहिले आणि इचलकरंजीच्या गल्लीत ओरडतात तसं मराठीत ओरडले, "थांब! ए नीव्ह, थांब गं!" घोडीने दोन उड्या घेतल्या होत्या. तिसऱ्या उडीला किनार टापेखाली आली, कापड कर्रकन फाटलं आणि टिली गुडघ्यावर आली. नीव्ह घोडीच्या मानेवर आपटली, पण खोगिरातच राहिली. मी लगाम धरला. पर्समधली कातरी काढून छातीची शिवण उसवायला लागले. माझीच शिलाई, उसवता उसवेना! दुहेरी घातली होती ना. गुडघे चिखलात, तोंडावर घोडीचा फेस. शेवटी शिवण सोडून सरळ कापडच कापलं, आधी छातीवरून खाली आणि मग दोन्ही खांद्यांना. टिली उठली, अंग झटकलं, पाऊल टाकलं. मोकळं.

"आता पळव," मी नीव्हला म्हटलं. "हळू. पण पळव. नाहीतर ती मनात भीती धरेल."

तिने पळवली. फाटक्या झुलीची दोन्ही टोकं वाऱ्यावर उडाली आणि लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या की किल्ल्यावरचे कावळे उठले.

मी दोरीबाहेर आले तर सगळे माझ्याभोवती. नंदकुमार म्हणाले, "वहिनी, तुम्हाला कसं कळलं हो?" आणि राजीव, माझा नवरा, चिखलाने भरलेल्या माझ्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने बोलला, "कळणारच! अकरा वर्षं घोड्यांच्या रगा शिवतेय ती. किल्डेअरचे ट्रेनर हिच्याशिवाय दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. ती झूलसुद्धा हिनेच शिवलीय!" सगळ्यांसमोर. साठ नाही तर वीस माणसं, पण टाळ्या वाजल्या, माझ्यासाठी. खरं सांगते, असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

मग ब्रीडा आली. तिने मला मिठीच मारली आणि रडायला लागली. "तू माझी पोर वाचवलीस, लता. तू माझी पोर वाचवलीस."

तिच्या मागे पूर्णिमा उभी होती. हातात झुलीचा फाटलेला तुकडा. ती तो दोन्ही हातांनी पसरून बघत होती, जिथे मी खांदा कापला होता तिथला त्रिकोण. "ताई," ती मराठीत म्हणाली, अगदी हळू. "दोन एल इथे जायचे होते, ना?"

मी 'हो' म्हणून मान हलवली.

"म्हणजे मी त्या दिवशी विचारलं तेव्हा..." तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढचं बोललीच नाही. राजीव माझा खांदा थोपटत होता, तो थांबला.

"काय म्हणतेय ती?" ब्रीडाने डोळे पुसत विचारलं.

आणि पूर्णिमा इंग्रजीत म्हणाली, "काही नाही. म्हटलं, लताताई होत्या म्हणून बरं. चूक माझी होती."

सगळं तिथेच मिटलं असतं. त्या बाईने माझ्या चुकीवर पांघरूण घातलं होतं, आणि मला परत तिचा हेवा वाटला. या क्षणीसुद्धा! तिला हेही माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं. ब्रीडा अजून माझा हात धरून होती. ओला, गरम हात. ती परत म्हणाली, "गॉड ब्लेस यू, लता." ते काही मला घेववेना.

"ब्रीडा," मी म्हटलं. "मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. कागद पाहिला तेव्हाच. हिने विचारलं, तूही विचारलंस. मी बोलले नाही. हिची फजिती व्हावी म्हणून."

ब्रीडा हसली आधी. तिला वाटलं माझ्या इंग्रजीत काही गडबड झालीय. मग तिने पूर्णिमाकडे पाहिलं, राजीवकडे पाहिलं.

"नीव्ह बसणार हे तुला माहीत नव्हतं," ती म्हणाली. मला सुटायला जागा देत होती बिचारी.

"नव्हतं. माहीत असतं तर बोलले असते."

"आणि तो भालेवाला बसला असता तर? आज दोरी ओलांडली असतीस?"

मी पुष्कळ विचार केला. "माहीत नाही," म्हटलं. तेच खरं होतं.

तिने हात सोडला, झटकला नाही, हळूच सोडला. "राइट," म्हणाली आणि नीव्हकडे निघून गेली.

परतताना गाडी मोटरवेला लागल्यावर राजीव म्हणाला, "एवढं काय वाकडं होतं गं तिच्याशी?"

"तिच्याशी काही नव्हतं," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. त्याला कळलं असावं. अठ्ठावीस वर्षं संसार केलाय, अगदीच दगड नाही तो. चिखलाने भरलेला कोट माझ्या मांडीवरच होता आणि डिकीत टाक असं तो म्हणाला नाही.

रविवारी पूर्णिमाचा मेल आला. रागाचा शब्द नाही. कळीचं नेमकं माप मिळेल का, आणि निबंधात माझं नाव घातलं तर चालेल का. मी कळी कागदावर काढली, मापं लिहिली, फोटो पाठवला. नावाचं उत्तर दिलं नाही. एवढं जिवाला लावून घेतलेलं नाव, आणि आता ते छापून आलं तर वाचायला माझ्याच्याने डोळे वर होणार नाहीत.

सोमवारी कामावर गेले. ब्रीडा काढून टाकेल असं वाटलं होतं, आणि तिने काढलंही असतं तर मी ब्र काढला नसता. पण तिने नेहमीसारखा चहा ठेवला, कप पुढे केला. "मॉर्निंग, लता." हवेबद्दल बोलली. नीव्हच्या मानेला थोडी सूज आहे, ग्रँड आहे म्हणाली. मी मशीनवर बसले. एका मोठ्या ट्रेनरची रग होती, डावा खांदा उसवलेला. कळी नवीन घातली, दुहेरी टीप मारली, दोरे कापले आणि तयार ढिगावर ठेवली.

ब्रीडा ढीग न्यायला आली. तिने माझी रग वरून उचलली, टेबलावर पसरली, चष्मा लावला आणि खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवत गेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दोन्ही बाजूंनी कापड धरून ओढून पाहिलं. मग उलटी केली आणि आतूनही पाहिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

मी मशीनवरून उठून तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिचं पाहून झाल्यावर मी म्हटलं, "दुसराही खांदा बघ, ब्रीडा." आणि रग फिरवून तिच्या पुढ्यात धरली.